आरसेबुवांचा जळफळाट

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन दुकानं होती. एक औषधांचं आणि एक केस कापायचं. मधे एकच भिंत. साथ आली तेव्हा औषधांचं दुकान उघडंच राहिलं, आणि सलूनचं शटर जे खाली आलं ते कित्येक महिने वर गेलं नाही.

सलूनवाल्यांना आम्ही सगळे आरसेबुवा म्हणायचो. माणसाकडे बघून बोलायची त्यांना सवयच नव्हती. उभ्या आयुष्यात त्यांनी माणसाची मान बघितली ती समोर, आणि तोंड बघितलं ते आरशात. त्यामुळे जिन्यात भेटले तरी तुमच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत विचारायचे, "काय, बरं आहे ना?" आपणच मागे वळून बघायचो, कुणी आलंय की काय.

माणूस कामाला पक्का होता. इमारतीतलं प्रत्येक डोकं त्यांना पाठ होतं. पण हेवेखोरही तसाच पक्का. तुम्ही कामासाठी बाहेरगावी गेलात आणि तिकडेच केस कापून आलात, की संपलं. पुढच्या वेळी खुर्चीत बसलात की मानेवर कंगवा टेकवून ते थंड आवाजात विचारणार, "कुणाकडे गेला होतात?" एखाद्या बायकोनं नवऱ्याच्या सदऱ्यावरचा लांब केस उचलून विचारावं तसं. मग तुम्ही ओशाळं हसायचं, आणि त्यांनी बराच वेळ काही बोलायचं नाही.

दुकान बंद झालं त्या आठवड्यात त्यांचा कारागीर गाड्या बंद व्हायच्या आत गावी निघून गेला. बुवा पहिल्या मजल्यावरच्या आपल्या घरात येऊन बसले. दोन खोल्या, वहिनी आणि कॉलेजात जाणारी लेक. लेकीचा वर्ग फोनवर, त्यामुळे एक खोली तिची. दुसऱ्या खोलीत टीव्ही, आणि टीव्हीवर दिवसभर आकडे. कुठे किती आजारी, कुठे किती गेले, कुठला कारखाना बंद पडला. मधेच कुणीतरी तज्ज्ञ सांगायचा की लस लवकरच येईल. त्याच्या पाठोपाठ दुसरा यायचा आणि म्हणायचा, एवढ्यात काही आशा धरू नका. बुवा पहिल्याचं ऐकून चहा मागायचे आणि दुसऱ्याचं ऐकून तो तसाच गार होऊ द्यायचे.

आजाराची त्यांना खरंच धास्ती होती. त्यांचे वडील छातीच्या विकारानं गेले होते, आणि श्वासासाठी माणूस कसा तडफडतो ते त्यांनी लहानपणी उशाशी बसून पाहिलं होतं. टीव्हीवर नुसतं "ऑक्सिजन" म्हटलं तरी ते उठून हात धुवायला जायचे. साबणानं हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. ज्या बोटांवर पोट चालायचं त्यांना आता धड कप धरवेना.

आणि खिडकीत उभं राहिलं की खाली औषधवाल्याची रांग दिसायची. रस्त्यावर चुन्यानं आखलेले गोल, प्रत्येक गोलात एक माणूस.

"बघ," ते वहिनींना म्हणायचे, "सणासुदीला पण आपल्याकडे इतकी माणसं कधी आली नाहीत. नशीब काढलंन."

"आजारी माणसं आहेत ती. त्यांच्यावरून काय नशीब?"

"आजारी असोत नाहीतर धडधाकट. दुकान उघडं आहे ना त्याचं!"

त्यांना सगळ्यांचाच हेवा वाटू लागला होता. वरच्या मजल्यावरच्या पेन्शनर साहेबांचा, कारण घरबसल्या त्यांचं चालू होतं. दूध टाकणाऱ्याचा, कारण त्याच्याकडे फिरायचा पास होता. एका संध्याकाळी सगळे लोक आपापल्या गॅलरीत उभे राहिले आणि त्यांनी दवाखान्यातल्या लोकांसाठी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावर एक नर्स एकटी राहायची, तिला सगळे सिस्टर म्हणत. टाळ्या वाजल्या तेव्हा ती कामावर होती. बुवांनीही टाळ्या वाजवल्या आणि आत येऊन फुरंगटून बसले.

"आपल्यासाठी कुणी वाजवतं का टाळ्या?"

वहिनींना हसू आवरेना. "कशाबद्दल? कल्ले सारखे कापल्याबद्दल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ड्यूटीवरून परतली, तेव्हा तिची पावलं जिन्यात ऐकू येताच एकेक दार लागत गेलं. संध्याकाळी टाळ्या पिटणारेच हात कड्या लावत होते. आमचंही दार त्यात होतं.

अशाच एका सकाळी तिनं बुवांच्या दारावर टकटक केलं आणि चार पायऱ्या मागे जाऊन उभी राहिली.

"बुवा, एक काम होतं. केस कापून देता का माझे? अगदी बारीक. वॉर्डात घालायच्या त्या बंद कपड्यांच्या टोपीत मावत नाहीत हो. घामानं डोक्याला पुरळ उठलंय, आणि एकदा घातलं की दिवसभर खाजवताही येत नाही."

बुवांनी दार किलकिलंच ठेवलं होतं. "सिस्टर, दुकान बंद आहे."

"दुकानात नको. गच्चीवर बसते मी. पाठ करून बसेन."

"नियम आहे सिस्टर. आपण नियम मोडायचा नाही." आणि दार लावलं.

आत वहिनी गॅसजवळ उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गॅस बंद करून त्यांनी कपाटातून बुवांची जुनी कात्री काढली, एक कंगवा घेतला, तोंडाला ओढणी घट्ट बांधली.

"कुठे निघालीस?"

"गच्चीवर."

"डोकंबिकं फिरलंय का? ती रोज त्या वॉर्डात असते! आणि तुला कुठे येतंय केस कापायला?"

"पोरीचे मीच कापत आले ना आजवर? तुम्हाला कधी वेळ होता?" वहिनी चपला घालत म्हणाल्या. "आणि इतकी वर्षं चहा घेऊन खाली येत होते ते काय भिंतीकडे बघत उभी राहायचे?"

बुवा दारातच थांबले. थोड्या वेळानं मात्र राहवेना. हळूच जिना चढून ते गच्चीच्या दाराआड उभे राहिले. वहिनी सिस्टरच्या केसांची एकेक बट घेऊन कापत होत्या. उजव्या कानावर केस जरा जास्तच कापले गेले, मागची रेघ डावीकडे चढली. बुवांना बघून बरं वाटलं. पण काम झाल्यावर सिस्टरनं मानेवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तिचे डोळेच भरून आले.

"वहिनी, किती दिवसांनी कुणी हात लावला मला," ती म्हणाली. "आणि काय हलकं वाटतंय हो!"

तिरपी रेघ तिला दिसतच नव्हती. दिसली असती तरी तिनं मनावर घेतलं नसतं. बुवा गुपचूप खाली आले. वहिनी आल्या तेव्हा त्यांना गॅलरीतच थांबवलं, डोक्यावरून आंघोळ करायला लावली, कात्री उकळत्या पाण्यात टाकली. तोंडानं म्हणाले, "एवढी रिस्क घ्यायची काही गरज होती का?" पोटात मात्र वेगळंच दुखत होतं. असं त्यांच्या दुकानात कधी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. साबण गेला असेल तेवढंच.

पुढचे काही दिवस इमारतीनं वहिनींपासूनही लांबच राहायचं ठरवलं. पण केसांना साथीचं कुठे काय कळतं? ते वाढतच होते. सिस्टरला काही झालेलं नाही, वहिनींनाही काही झालेलं नाही, हे बघितल्यावर आधी एक बाई आपल्या दोन मुलींना घेऊन गच्चीवर गेली. मग तिचा नवरा. मग आणखी कुणी. सकाळच्या उन्हात गच्चीवर एक प्लॅस्टिकची खुर्ची, वाऱ्याच्या दिशेला पाठ, वहिनींचं नाकतोंड बांधलेलं, आणि एकेक जण आपल्या घरचा टॉवेल खांद्यावर टाकून बसलेला. मीसुद्धा गेलो होतो. बुवांची आठवण झाली नाही असं नाही, पण केस कानात जायला लागल्यावर माणूस फार निष्ठा पाळत नाही.

वहिनी पैसे घेत नसत. पण कुणी भाजी आणून दारात ठेवी, कुणी तांदूळ, कुणी लेकीच्या फोनचं रिचार्ज करून देई. घर त्याच्यावर चाललं होतं. बुवा जेवायला बसले की ताटातला प्रत्येक घास कुणाच्या डोक्याचा ते त्यांना माहीत असायचं.

"ही भाजी कुणाकडची?"

"पेन्शनर साहेबांकडची."

बुवांचा हात ताटातच थांबला. पेन्शनर साहेब म्हणजे दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक. शटर नवं होतं तेव्हापासूनचं. त्यांच्या डोक्यावर दोन भोवरे होते, आणि त्या दोन भोवऱ्यांमधले केस कसे बसवायचे ते जगात आपल्याखेरीज कुणाला जमत नाही, असं बुवा नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून ऐकवायचे.

"साहेब बसले तुझ्याकडे?"

"बसले की."

"भोवऱ्यांचं काय केलंस?"

"काय करायचंय? पाणी मारलं, केस जिकडे पडले तिकडे पडू दिले, आणि तसेच कापले."

"मग काही बोलले?"

वहिनी जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "म्हणाले, बुवांपेक्षा हात हलका आहे."

त्या दिवशी बुवा ताटावरून उठून गेले. खिडकीतून त्यांनी साहेबांना खाली औषधाच्या रांगेत उभं बघितलं. मान मागून स्वच्छ, रेघ सरळ, दोन्ही भोवरे शांत निजल्यासारखे. काही खोट काढावी म्हणून बुवांनी डोळे ताणून बघितलं. निघेना. सिस्टरच्या वेळची ती तिरपी रेघ आता राहिली नव्हती. बायकोचा हात दर डोक्यागणिक सुधारत चालला होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. आणि ते सांगताना ते माझ्याकडे नाही, आरशाकडे बघत होते, म्हणजे खरंच सांगत असणार.

एकदा लेकीनं विचारलं, "बाबा, तूच का नाही जात वर?"

"नियम आहे."

"नियम आई मोडते आणि जेवतो तू."

हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी आपली चांगली बॅग काढली. दोन मास्क चढवले, हातमोजे घातले आणि वहिनींच्या आधी गच्चीवर जाऊन उभे राहिले. आम्हाला आनंदच झाला. पहिला माणूस बसला, बुवांनी त्याच्या गळ्याभोवती कपडा बांधला, पाण्याचा फवारा मारला. फवाऱ्याचं पाणी त्या माणसाच्या नाकात गेलं आणि तो शिंकला. एकच शिंक. बुवांची कात्री हातातून निसटून फरशीवर वाजली. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, कपाळाला घाम, श्वास लागलेला. वहिनींनी कात्री उचलली, पुसली आणि त्या माणसाचे राहिलेले केस कापायला घेतले. बुवा खाली निघून आले. जिन्यात त्यांना मागून कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. खरंच कुणी हसलं होतं की नाही, देव जाणे.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी घशाला कोरड पडली म्हणून ते औषधवाल्याकडे गोळ्या आणायला गेले. घसा काही दुखत नव्हता; भीतीनं सुकला होता. रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा काउंटरवर प्लॅस्टिकचा पडदा, पडद्यामागे औषधवाला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"काय शेठ, जोरात आहे धंदा," बुवा म्हणाले.

औषधवाला हसला नाही. "बुवा, खरं सांगू? हेवा वाटतो तुमचा. तुमचं शटर बंद आहे. मला रोज एवढ्या लोकांच्या तोंडासमोर उभं राहायचंय. घरी म्हातारे आईवडील, म्हणून इथेच मागे चटई टाकून झोपतो. पोराला कडेवर घेऊन किती दिवस झाले." मग नेहमीच्या सवयीनं त्यानं विचारलं, "काय देऊ?"

"घशाच्या गोळ्या."

"कुणाला?"

मलाच, असं म्हणायचं होतं. पण बुवांना वाटलं, आपल्याला म्हटलं तर लोक म्हणतील शिंकेला घाबरला तोच हा. आणि त्याच क्षणी गच्चीवरून वहिनींचं आणि आणखी कुणाचं तरी मोकळं हसणं खाली आलं.

"हिला," बुवा म्हणाले. "जरा खोकला झालाय."

एवढंच. औषधवाल्यानं गोळ्या काउंटरवरून बोटाच्या टोकानं पुढे ढकलल्या. मागच्या गोलातला माणूस एक गोल मागे सरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कुणीच आलं नाही. वहिनी उन्हात खुर्ची मांडून बसल्या, वाट बघितली, आणि खुर्ची उचलून खाली आल्या. "आज सगळ्यांना झालंय काय?" त्या म्हणाल्या. बुवांनी खांदे उडवले. त्या दिवशी ते पोटभर जेवले. कित्येक दिवसांत अन्नाला इतकी चव लागली नव्हती.

पण भीतीला एकदा पाय फुटले की ती सांगितल्या जागी थांबत नाही. दूधवाल्यानं त्यांच्या दारात पिशवी ठेवायचं बंद केलं. लेकीची मैत्रीण वह्या द्यायला येणार होती, तिच्या आईनं नाही म्हटलं. कुणीतरी आरोग्य खात्याला फोन केला, पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली दोन माणसं आली, वहिनींच्या नाकात काडी घालून नमुना घेऊन गेली, आणि रिपोर्ट येईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही असं तिघांना बजावून गेली. दारावर कागद चिकटला. खालून कुणाचं तरी बोलणं बुवांच्या कानावर आलं: "पुढे दुकानं उघडली तरी त्यांच्या खुर्चीत कोण बसणार आता?"

ही गोष्ट बुवांच्या ध्यानातच आली नव्हती. बायकोची गच्ची बंद पाडताना त्यांनी स्वतःच्याच शटरला आणखी एक कुलूप घातलं होतं.

वहिनी दिवसभर एकच विचारत होत्या. "मला खोकला आहे असं सांगितलं तरी कुणी?" बुवा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

आणि मग बोलणं वळलं सिस्टरकडे. पहिल्यांदा केस कुणाचे कापले? सिस्टरचे. मग आजार कुठून आला? हा हिशेब लोकांनी चुटकीसरशी सोडवला. इमारतीसमोरच्या अंगणात सगळे लांब लांब उभे राहिले, सिस्टरला खाली बोलावलं. बोलायचं काम पेन्शनर साहेबांकडे आलं, कारण नको ते काम गोड बोलून करायची त्यांना नोकरीतली सवय होती.

"सिस्टर, तुमच्याबद्दल आदरच आहे आम्हा सगळ्यांना," ते म्हणाले. "पण इथे लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. हॉस्पिटलचं होस्टेल आहे म्हणे. हे सगळं निवळेपर्यंत तुम्ही तिकडे राहिलात तर बरं होईल."

सिस्टर ड्यूटीवरून नुकतीच आली होती. खांद्यावर पिशवी तशीच होती. ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभी राहिली.

पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत बुवा उभे होते, त्यांच्या मागे वहिनी. आम्ही खालून बघत होतो. बुवांनी गज धरले होते. ते अचानक ओरडले, "तिला काही झालेलं नाही!"

सगळ्यांनी वर बघितलं.

"हिला खोकला नाही. कधी नव्हताच. मी खोटं बोललो."

"खोटं?" साहेबांना कळेचना. "अहो बुवा, असलं खोटं कुणी कशासाठी बोलेल?"

बुवांनी सरळ साहेबांच्या डोळ्यांत बघितलं. मी त्यांना असं बघताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही हिच्याकडे केस कापलेत म्हणून."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग ते हसूही विरलं. साहेबांचा हात नकळत आपल्या मानेकडे गेला. कुणीतरी म्हणालं, "मग सिस्टर, प्रश्नच मिटला. तुम्ही राहा. गैरसमज झाला होता." दुसऱ्यानं री ओढली. सगळ्यांना एकदम सुटल्यासारखं झालं होतं.

सिस्टर हसली नाही. "आज खोटं निघालं म्हणून राहा म्हणताय," ती म्हणाली. "उद्या खरं निघालं तर?"

ती वर गेली, कपडे भरले आणि संध्याकाळच्या आत होस्टेलवर निघून गेली. जाताना पहिल्या मजल्यावर थांबली. दार उघडायला बंदी होती, म्हणून बंद दारातूनच म्हणाली, "वहिनी, येते." बुवांचं नाव तिनं घेतलं नाही.

घरात काय झालं ते लेकीनं पुढे माझ्या बहिणीला सांगितलं. वहिनींनी भांडण केलं नाही. आदळआपट नाही, रडारड नाही. फक्त म्हणाल्या, "मला काहीतरी येतं, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. तेही तुम्हाला बघवलं नाही." आणि बोलणं बंद. ताट वाढायच्या, चहा ठेवायच्या, पण शब्द नाही. त्याच दोन खोल्यांत, दारावर कागद, बाहेर जायची सोय नाही. बुवा म्हणायचे, त्यापेक्षा आजार परवडला असता.

रिपोर्ट आला, वहिनींना काही नव्हतं. लोक आशेनं गच्चीवर डोकावू लागले. पण वहिनींनी कात्री बाहेरच काढली नाही. पेन्शनर साहेब स्वतः विचारायला आले तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, "साहेब, ज्यांनी सिस्टरला घालवलं त्या सगळ्यांची डोकी जरा वाढू देत." आणि वाढली. आमची इमारत त्या दिवसांत लांबून बघितली तर एखाद्या आश्रमासारखी दिसत असे.

पुढे आजारी पडणाऱ्यांचे आकडे उतरले, दुकानं उघडायला परवानगी मिळाली. बुवांनी शटर वर केलं, धूळ झटकली, खुर्च्यांना औषधी पाणी मारलं, दारात हात धुवायची बाटली टांगली. दिवसभर बसून राहिले. कुणी फिरकलं नाही. काहींना आजाराची भीती होती, काहींच्या नोकऱ्या गेल्या होत्या, आणि काहींना वाटत होतं, केसांसाठी बायकोवर असलं बालंट आणणाऱ्या माणसाच्या हाती वस्तरा कशाला द्या. तिसऱ्या दिवशी ते वर आले आणि वहिनींसमोर उभे राहिले.

"खाली येशील?" ते म्हणाले. "कारागिराची खुर्ची रिकामी आहे."

किती दिवसांनी वहिनी बोलल्या. "आधी होस्टेलवर जा. त्या बायकांचे केस कापून या. सिस्टरनं तुमच्याकडेच कापून मागितले होते, माझ्याकडे नाही."

बुवांनी एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा आपल्या बोटांकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन ते हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी गेले. फाटकावरच्या माणसाला काय सांगावं तेच कळेना, म्हणून म्हणाले, "केस कापणारा आहे. फुकट." आतल्या झाडाखाली त्यांना एक स्टूल मिळालं. पहिली नर्स आली ती खोकतच. धुळीचा खोकला, पण बुवांची कात्री थरथरली. त्यांनी कात्री बाजूला ठेवली, हात मांडीवर दाबून धरला, आणि थरथर थांबल्यावर पुन्हा उचलली. त्यानंतर दुसरी, तिसरी. वॉर्ड साफ करणाऱ्या बायका आल्या, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आला. उन्हं कलेपर्यंत रांग सरेना. भीती दिवसभर घशाशी बसून होती, पण ती बसली असतानाही हात चालतो, एवढं त्यांना त्या दिवशी समजलं.

आमची सिस्टर मात्र आली नाही. एकदा पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यातून तिनं खाली बघितलं, ओळखलं, आणि आत गेली. बुवा दुसऱ्या आठवड्यातही गेले, तिसऱ्याही. ती त्यांच्या स्टुलावर कधीच बसली नाही. वहिनींना मात्र तिचे फोन येत राहिले.

वहिनी दुकानात आल्या तेव्हा आधी बायका आल्या, मग त्यांची मुलं, मग त्यांच्यामागून नवरे. लस आली, लोकांच्या तोंडावरचे मास्क हनुवटीवर आले, मग खिशात गेले. औषधवाला मधे बराच आजारी पडला, महिनाभर दवाखान्यात होता. वाचला, पण अजून दोन वाक्यं बोलला की थांबतो. त्याच्या दुकानावर आता त्याचा भाऊ बसतो, आणि तो बाहेर खुर्ची टाकून ऊन खातो. बुवा त्याची दाढी त्याच खुर्चीत करून देतात, रस्त्यावर, सगळ्यांसमोर.

हेवा गेला असं मात्र मी म्हणणार नाही. परवाचीच गोष्ट. मी दुकानात गेलो तेव्हा वहिनींकडे एक बाई खुर्चीत होती आणि तीन जणं बाकावर वाट बघत बसली होती. बुवांची खुर्ची रिकामी. ते कंगवे पुसत होते; पुसून झाले तरी पुसत होते. तेवढ्यात एक नवा पोरगेला माणूस दारातून डोकावला आणि म्हणाला, "ताईंना किती वेळ लागेल?"

बुवांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग त्या माणसाच्या केसांकडे बघितलं. कानाजवळ कुणीतरी वाट लावून ठेवलेली दिसत होती.

"लागेल वेळ," ते म्हणाले. "पण थांबा. काम चांगलं आहे तिचं."

शेवटचं वाक्य त्यांनी कडू औषध गिळावं तसं घशाखाली ढकललं. मग माझ्याकडे वळून कपडा जोरात झटकला आणि म्हणाले, "तुम्ही या. की तुम्हालाही तिकडेच बसायचंय?"

मी मुकाट्यानं त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो.